फिशफाइंडरची निवड : प्रतिध्वनी, खूण आणि अर्थ

१. विषयप्रवेश

मासेमारी नौकेवर बसविण्यात येणारे जे यंत्र सामान्यतः 'फिशफाइंडर' या नावाने ओळखले जाते, त्याचे नावच काहीसे फसवे आहे. मासा शोधून देणारे यंत्र, असा त्या नावाचा सरळ अर्थ होतो. वस्तुतः हे यंत्र मासा पाहत नाही, ओळखत तर नाहीच. ते पाण्यात ध्वनी सोडते, परत आलेला प्रतिध्वनी टिपते आणि ध्वनीला जाऊन येण्यास लागलेला काळ खोलीच्या रूपाने पडद्यावर मांडते. त्याचे कार्य येथेच संपते. पडद्यावर उमटलेली खूण माशांच्या थव्याची, बुडबुड्यांची की तळावरील खडकाची, हा निर्णय नौकेवरील तांडेलाला करावा लागतो.

ही गोष्ट लक्षात न घेता यंत्राची निवड केली जाते तेव्हा ती बहुधा पडद्याचा आकार, रंगांची संख्या आणि जाहिरातीतील वॅटचा आकडा यांवर होते. कोकण किनाऱ्यावरील लहान नौकामालकाच्या दृष्टीने ही खरेदी क्षुल्लक नव्हे. जाळे, इंजिन आणि डिझेल यांसाठी आधीच कर्ज काढलेले असते. चुकीच्या यंत्रावर घातलेला पैसा एका हंगामात वसूल होत नाही. आणि चुकीच्या खुणेवर विसंबून केलेल्या फेरीचे डिझेल तर कधीच परत मिळत नाही. यास्तव यंत्राच्या निवडीचा विचार यंत्रापासून सुरू न करता मासा, जाळे आणि समुद्राचा तळ यांपासून सुरू करणे अधिक युक्त होय. तो कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. पूर्वपीठिका

पाण्यातून ध्वनी हवेपेक्षा कितीतरी जलद जातो, हे १८२६ साली कोलाडों आणि स्टुर्म यांनी जिनीव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून मोजले. त्यांना मिळालेला वेग सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर होता. १९१२ साली 'टायटॅनिक' जहाज हिमनगावर आदळून बुडाल्यानंतर प्रतिध्वनीच्या साहाय्याने हिमनग हुडकण्याच्या प्रयत्नांना जोर आला, आणि १९१४ साली फेसेंडेन यांनी हिमनगापासून परत आलेला प्रतिध्वनी प्रत्यक्ष टिपला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांच्या शोधासाठी लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ स्फटिकाचा उपयोग करून या तंत्राला आजचे रूप दिले.

मासेमारीच्या संदर्भात महत्त्वाचे वर्ष म्हणजे १९३५. नॉर्वेचे शास्त्रज्ञ ऑस्कर सुंड यांनी त्या वर्षी लोफोटेन बेटांजवळील कॉड माशांच्या प्रतिध्वनींची नोंद प्रसिद्ध केली. १९४८ साली जपानमध्ये नागासाकी प्रांतातील फुरुनो बंधूंनी मासेमारांना विकत घेता येईल असे यंत्र बाजारात आणले. भारतात मासेमारीच्या यांत्रिकीकरणाला संघटित स्वरूप आले ते १९५२ साली करार झालेल्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पामुळे. त्याचे पहिले केंद्र केरळातील नींडकरा येथे होते.

या इतिहासातील एक बाब विशेष मननीय आहे. लोफोटेनमध्ये ठराविक ऋतूत एकाच जातीचा मासा अंडी घालण्यासाठी प्रचंड संख्येने जमतो. तेथे पडद्यावर दिसलेला थर कॉडचा आहे, हे यंत्र सांगत नव्हते. ते सुंड यांना आणि तेथील मासेमारांना आधीच ठाऊक होते. कोकणच्या समुद्रात एकाच जाळ्यात ढोमा, मांदेली, कोळंबी, म्हाकूल, वाम आणि बांगडा एकत्र येतात. यंत्र तेच असले तरी त्याच्या खुणेला तेथे जो निश्चित अर्थ होता, तो येथे राहत नाही.

३. पडद्यावर काय दिसते ?

पडद्यावरील उभी रेषा खोली दाखविते आणि आडवी रेषा काळ दाखविते. आडवी रेषा अंतर दाखविते, असा समज फार दृढ आहे. परंतु तो चुकीचा आहे. यंत्र दर क्षणी नौकेखालील पाण्याचा एकच उभा छेद घेते आणि तो पडद्याच्या उजव्या कडेला मांडते. आधीचे छेद डावीकडे सरकत जातात. नौका नांगरून उभी असेल आणि खाली एकच मासा स्तब्ध असेल, तर पडद्यावर लांबच लांब आडवी रेघ उमटते. अननुभवी माणसाला ती थव्याची वाटते. प्रत्यक्षात तो एकच मासा, पण दीर्घकाळ दिसलेला, असा त्या रेघेचा अर्थ असतो.

खोलीचे गणित सोपे आहे. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धरला, तर ३० मीटर खोलीच्या तळापर्यंत जाऊन परत येण्यास ध्वनीला ४० मिलिसेकंद लागतात. बहुतेक यंत्रे हाच वेग गृहीत धरतात. अरबी समुद्राचे पाणी २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना प्रत्यक्ष वेग १,५४० मीटरच्या जवळ जातो. त्यामुळे खरी खोली ४० मीटर असेल तेथे यंत्र सुमारे ३९ मीटर दाखविते. ही चूक सुरक्षिततेच्या बाजूची असल्याने व्यवहारात चालण्यासारखी आहे. किनाऱ्यावरील जुने तांडेल आजही खोली 'वाव' या मापात सांगतात. पसरलेल्या दोन हातांमधील अंतर म्हणजे एक वाव. इंग्रजी फॅदमही मुळात तेच माप होय. यंत्रातील आकडे फॅदममध्ये लावून घेतले, तर दोरी आणि शिसे वापरून मिळविलेल्या पिढीजात माहितीशी ते पडताळून पाहता येतात.

४. कंप्रता आणि शंकू

निवडीतील पहिला खरा प्रश्न कंप्रतेचा, म्हणजे ध्वनीच्या दर सेकंदाच्या कंपनसंख्येचा. बाजारातील बहुसंख्य यंत्रे ५० आणि २०० किलोहर्ट्झ या दोन कंप्रतांवर किंवा त्यांच्या आसपास चालतात. ५० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी पाण्यात ३ सेंटीमीटर, तर २०० किलोहर्ट्झच्या ध्वनीची साडेसात मिलिमीटर असते. कंप्रता जितकी अधिक तितके तपशील स्पष्ट. पण समुद्राचे पाणी असा ध्वनी लवकर शोषून घेते. म्हणून उच्च कंप्रता उथळ पाण्यासाठी व निम्न कंप्रता खोल पाण्यासाठी, असा सामान्य नियम सांगितला जातो.

हा नियम बरोबर असला तरी अपुरा आहे. कंप्रता बदलली की ध्वनी ज्या शंकूत पसरतो त्याची रुंदीही बदलते. पाण्यात ध्वनी सोडणारा आणि टिपणारा जो भाग, त्यास ट्रान्सड्यूसर म्हणतात. त्याच्या तबकडीचा व्यास ५ सेंटीमीटर असेल, तर २०० किलोहर्ट्झला शंकूचा कोन सुमारे ९ अंश आणि ५० किलोहर्ट्झला सुमारे ३६ अंश होतो. ३० मीटर खोलीवर पहिल्या शंकूचे तळावरील वर्तुळ पावणेपाच मीटर व्यासाचे, तर दुसऱ्याचे साडेएकोणीस मीटर व्यासाचे असते. क्षेत्रफळात पाहिले तर ही तफावत सुमारे सतरापट भरते.

रुंद शंकू अधिक पाणी धुंडाळतो, म्हणून तोच श्रेयस्कर, असे वरवर वाटेल. परंतु त्याची किंमत तळाशी मोजावी लागते. यंत्राला केवळ अंतर कळते, दिशा कळत नाही. ३० मीटर खोल सपाट तळाचा प्रतिध्वनी सरळ खालून येतो. शंकूच्या कडेला, तळापासून दीड मीटरच्या आत असलेला मासा यंत्रापासून तळापेक्षाही दूर पडतो. त्याचा प्रतिध्वनी तळाच्या खुणेत बुडून जातो. ९ अंशांच्या शंकूत हाच आंधळा थर कडेला अवघा ९ सेंटीमीटरचा असतो. जो मासेमार तळालगतच्या मासळीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी रुंद शंकू म्हणजे मासळी असूनही न दिसणे होय. याउलट मधल्या पाण्यात हिंडणाऱ्या थव्यांचा मागोवा घेणाऱ्याला अरुंद शंकू वाटेतले पुष्कळसे पाणी न तपासताच पुढे नेतो.

जवळजवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसणे हे ध्वनिस्पंदाच्या लांबीवर अवलंबून असते. एक मिलिसेकंदाचा स्पंद पाण्यात दीड मीटर लांब असतो, आणि त्याच्या निम्म्याहून, म्हणजे ७५ सेंटीमीटरहून कमी उभ्या अंतरावरील दोन मासे एकच खूण होऊन दिसतात. स्पंद आखूड करावा तर त्यातील ऊर्जा घटते. ही अडचण 'चर्प' पद्धतीने बरीचशी सुटली आहे. पक्ष्याच्या किलबिलाटावरून हे नाव पडले आहे. एकाच कंप्रतेऐवजी, उदाहरणार्थ १५० पासून २०० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर सोडावयाचा आणि परत आलेल्या स्वराशी तो ताडून पाहावयाचा, हे तिचे तत्त्व. असे केल्याने लांब स्पंदाची ऊर्जा आणि दीड सेंटीमीटरच्या आसपासचा तात्त्विक भेदनिर्णय, हे दोन्ही एकत्र साधतात. ज्याला अधिक पैसा खर्च करणे शक्य आहे, त्याने तो मोठ्या पडद्यापेक्षा या सोयीवर खर्च करणे इष्ट होय. ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालणारी, तळाचे छायाचित्रासारखे चित्र दाखविणारी यंत्रे मात्र उथळ पाण्यापुरतीच उपयोगी असतात. खाड्या, तलाव आणि धरणांचे जलाशय हे त्यांचे क्षेत्र.

५. वॅटचा आकडा

जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा वॅटचा असतो आणि फसगतही तेथेच अधिक होते. शक्ती दोन रीतींनी सांगितली जाते. एक प्रभावी शक्ती आणि दुसरी विद्युतलहरीच्या शिखरापासून तळापर्यंतचे मान घेऊन काढलेली शक्ती. दुसरा आकडा पहिल्याच्या आठपट असतो. अर्थात ४,००० वॅट असे लिहिलेले यंत्र आणि ५०० वॅट प्रभावी शक्तीचे यंत्र ही सारखीच असू शकतात. दोन यंत्रांची तुलना करताना आकडे एकाच रीतीचे आहेत याची खात्री करून घेतलीच पाहिजे.

याहून महत्त्वाचे असे की, शक्ती वाढविल्याने पल्ला त्या प्रमाणात वाढत नाही. ध्वनी जाताना पसरतो आणि प्रतिध्वनी येतानाही पसरतो. त्यामुळे एकट्या माशाचा प्रतिध्वनी अंतराच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात क्षीण होतो. पल्ला दुप्पट करावयाचा तर शक्ती सोळापट लागते. ६०० वॅटऐवजी १,००० वॅटचे यंत्र घेतल्यास पल्ल्यात फार तर १४ टक्क्यांची भर पडते. पाण्याचे शोषण जमेस धरता प्रत्यक्षात ती याहूनही कमी असते. उत्तर कोकणासमोरील भूखंडमंच रुंद आणि उथळ आहे. मुंबईसमोर त्याची रुंदी ३०० किलोमीटरच्या घरात जाते आणि दक्षिणेकडे गोव्याच्या बाजूस ती पुष्कळ कमी होते. २० ते ६० मीटर पाण्यात मासेमारी करणाऱ्या नौकेला प्रचंड शक्तीची आवश्यकता नसते. तेथे जास्तीची शक्ती पाण्यातील गाळ, प्लवक आणि बुडबुडे यांचेच प्रतिध्वनी वाढविते, आणि मग संवेदनक्षमता कमी करून ती निरुपयोगी करावी लागते.

६. भोत आणि प्रतिध्वनी

आतापर्यंतचे विवेचन यंत्राविषयी झाले. परंतु प्रतिध्वनी जितका यंत्रावर, तितकाच माशाच्या शरीररचनेवर अवलंबून असतो. माशाचे मांस आणि पाणी यांची घनता जवळजवळ सारखी असल्याने मांसावरून ध्वनी फारसा परावर्तित होत नाही. परावर्तन होते ते मुख्यतः पोटातील हवेच्या पिशवीवरून, म्हणजे वाताशयावरून. नॉर्वेत संशोधन करणारे के. जी. फूट यांनी १९८० साली कॉडच्या कुळातील वाताशय असलेले मासे आणि वाताशय नसलेला अटलांटिक मॅकरेल यांची तुलना केली. वाताशय असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीतील ९० ते ९५ टक्के वाटा एकट्या वाताशयाचा असतो, असे त्यांना आढळून आले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या अवयवाला 'भोत' म्हणतात. घोळ माशाचे भोत माशाच्या मांसापेक्षाही अधिक भावाने विकले जाते. याच अवयवाच्या साहाय्याने घोळ, ढोमा इत्यादी एकाच कुळातील मासे पाण्यात घुमल्यासारखा आवाजही करतात. बाजारात ज्याला सर्वाधिक मोल, तोच अवयव यंत्राला माशाचा पत्ता देतो, हा योगायोग लक्षणीय आहे.

परंतु याची दुसरी बाजू व्यवहारात अधिक महत्त्वाची. मुशी, पाकट, सुरमई आणि बोंबील यांना वाताशय नसतो. कोळंबी आणि म्हाकूल हे तर मासेच नव्हेत. त्यांच्याही अंगी अशी पिशवी नाही. त्यांचे प्रतिध्वनी तुलनेने फारच क्षीण असतात. म्हणजे पडद्यावर ठळक दिसणारी मासळी आणि बाजारात भाव मिळविणारी मासळी या एकच असतील असे नाही. तारलीचा दाट थवा पडदा रंगवून टाकील आणि त्याच पाण्यातील सुरमईचा मागमूसही लागणार नाही. सुरमईच्या मागावर असलेला मासेमार पुष्कळदा तिच्या भक्ष्याचा, म्हणजे लहान मासळीच्या थव्याचा शोध घेतो आणि त्यावरून तिचा तर्क करतो. यंत्राने दाखविलेली खूण येथे मूळ वस्तूची नसून तिच्या सहचराची असते.

७. खुणेचा अर्थ

चिन्हांच्या अभ्यासात चार्ल्स पीअर्स यांनी केलेली त्रिविध विभागणी येथे उपयोगी पडते. साम्यावर आधारलेले ते प्रतिमाचिन्ह, कार्यकारणसंबंधावर आधारलेले ते दर्शकचिन्ह आणि रूढीवर आधारलेले ते संकेतचिन्ह. पडद्यावरील खूण ही शुद्ध दर्शकचिन्ह आहे. धूर जसा अग्नीचा दर्शक, तशी ती परावर्तन घडविणाऱ्या कोणत्यातरी वस्तूची दर्शक असते. त्या वस्तूशी तिचे रूपसाम्य असेलच असे नाही.

पडद्यावर दिसणारी प्रसिद्ध कमान हे याचे उत्तम उदाहरण. नौका माशावरून जाताना तो प्रथम शंकूच्या कडेला, म्हणजे थोडा दूर असतो. मग बरोबर खाली, सर्वांत जवळ येतो. नंतर पुन्हा दूर जातो. अंतरातील या फरकामुळे कमान उमटते. २० मीटर खोलीवर ३६ अंशांच्या शंकूत हा फरक सुमारे एक मीटरचा असतो. ९ अंशांच्या शंकूत तो केवळ ६ सेंटीमीटरचा, म्हणजे पडद्यावर न दिसण्याइतका. कमान दिसली नाही म्हणून मासा नाही, किंवा कमान लांब म्हणून मासा मोठा, हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे होत. कमानीची लांबी नौकेच्या वेगावर आणि शंकूच्या रुंदीवर अवलंबून असते. माशाच्या आकाराचा काही अंदाज येतो तो खुणेच्या तीव्रतेवरून, आणि तोही मासा शंकूच्या मध्यातून गेला असेल तरच.

अनेक यंत्रांत 'फिश आयडी' नावाची सोय असते. ती चालू केली की कमानींच्या जागी लहानमोठ्या माशांची चित्रे दिसू लागतात. ग्राहकाला ही सोय फार आकर्षक वाटते. चिन्हमीमांसेच्या दृष्टीने पाहता येथे दर्शकचिन्ह पुसून त्या जागी प्रतिमाचिन्ह बसविलेले असते. यंत्राने केलेला तर्क पाहणाऱ्याला प्रत्यक्ष वाटू लागतो, आणि ज्या आधारावर तो तर्क केला तो आधारच दृष्टीआड होतो. बुडबुड्यांचा पुंजका किंवा तरंगता पाचोळा यांचेही मासे होऊन दिसू शकतात. मूळ प्रतिध्वनी दाखविण्याची सोय स्पष्ट आणि सुलभ असलेले यंत्र निवडावे आणि चित्रांची सोय बंद ठेवावी, हेच हितावह.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रतिध्वनी हा मासळीचा व्यभिचारी हेतू आहे; मासळी नसतानाही तो येऊ शकतो. अशी फसगत केवळ मासेमारांचीच झाली असे नाही. १९४२ साली अमेरिकन शास्त्रज्ञांना खोल समुद्रात काही शे मीटरवर तळासारखा पसरलेला एक थर आढळला. खरा तळ त्याच्या कितीतरी खाली होता. हा थर संध्याकाळी वर येतो आणि पहाटे खाली जातो, असे १९४५ साली मार्टिन जॉन्सन यांनी दाखविले, तेव्हा तो सजीवांचा आहे हे स्पष्ट झाले. खुणेचा अर्थ ठरला तो एका खुणेवरून नव्हे, तर दिवसरात्रीच्या क्रमात तिने केलेल्या हालचालीवरून. शब्दाचा अर्थ ज्याप्रमाणे वाक्यात ठरतो, त्याप्रमाणे प्रतिध्वनीचा अर्थ वेळ, भरती-ओहोटी, पाण्याचा रंग, पक्ष्यांच्या हालचाली आणि ऋतू यांच्या संदर्भात ठरतो. हा संदर्भ तांडेलाजवळ असतो, यंत्राजवळ नसतो.

तळाच्या बाबतीत मात्र खूण पुष्कळच विश्वसनीय आहे. कठीण तळावरून आलेला ध्वनी पृष्ठभागावर आपटून पुन्हा तळाकडे जातो आणि दुप्पट खोलीवर तळाची दुसरी रेघ उमटते. मऊ चिखल ध्वनी शोषून घेतो. त्यामुळे तेथे दुसरी रेघ अस्पष्ट असते किंवा उमटतच नाही. खडकावर अडकून जाळे फाटण्यापासून बचाव हा या यंत्राचा सर्वांत निश्चित लाभ होय, आणि लहान नौकेच्या बाबतीत यंत्राची किंमत बहुधा त्यातूनच वसूल होते.

८. जाळ्यानुसार निवड

वरील तत्त्वे लक्षात घेता निवडीचे स्वरूप जाळ्याच्या प्रकारानुसार बदलते.

(अ) डोल जाळे : वर्सोव्यापासून उत्तरेकडे बोंबील आणि जवळा यांसाठी वापरले जाणारे हे जाळे खुंटांना किंवा नांगरांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभे केलेले असते. मासळी जाळ्याकडे येते, नौका मासळीमागे जात नाही. त्यातच बोंबलाला वाताशय नाही. अशा नौकेला खोली व तळ दाखविणारे साधे, कमी किमतीचे २०० किलोहर्ट्झचे यंत्र पुरेसे आहे. याहून अधिक खर्च करण्यास सबळ कारण दिसत नाही.

(आ) गिलनेट आणि गळ : येथे थव्यांचा सर्वसाधारण सुगावा आणि खडकाळ जागांची नेमकी नोंद या दोन्हींची गरज असते. दोन्ही कंप्रता असलेले किंवा चर्प पद्धतीचे, जीपीएस नकाशासह चालणारे यंत्र योग्य ठरते. विजयदुर्गाच्या समोर सुमारे १०० किलोमीटरवर पाण्याखाली असलेल्या आंग्रिया बँकेसारखी उथळ जागा खोल पाण्यातून एकदम वर येते. तेथे दोन्ही कंप्रतांचा उपयोग आहे.

(इ) ट्रॉल जाळे : हे जाळे तळावरून ओढले जाते. तळालगतचा आंधळा थर शक्य तितका पातळ असणे आणि तळाचा कठीणपणा स्पष्ट दिसणे या दोन गोष्टी निर्णायक होत. म्हणून अरुंद शंकू, उच्च कंप्रता आणि तळालगतचा भाग मोठा करून दाखविण्याची सोय यांना प्राधान्य द्यावे.

(ई) पर्ससीन जाळे : थव्याला वेढा घालावयाचा असल्याने नौकेखाली काय आहे यापेक्षा नौकेच्या आजूबाजूला काय आहे हे कळणे आवश्यक असते. ते सरळ खाली पाहणाऱ्या यंत्राला शक्य नाही. त्यासाठी सभोवार ध्वनी फिरविणारे सोनार लागते आणि त्याची किंमत कितीतरी अधिक असते.

९. ट्रान्सड्यूसरची जागा

उत्तम यंत्र वाईट जागी बसविले तर ते वाईटच ठरते. पाण्यातील हवेचे बुडबुडे ध्वनी अडवितात. त्यामुळे ट्रान्सड्यूसर पंख्यापासून दूर, त्याच्या पुढील बाजूस आणि जेथे नौकेचा तळ सतत पाण्यात राहील अशा जागी असावा. संथ चालणाऱ्या नौकेत पुढच्या टोकापासून सुमारे एकतृतीयांश लांबीवर, तळकण्याच्या जरा बाजूला, ही जागा सर्वसाधारणतः चांगली मानली जाते. फायबरच्या एकसंध तळातून ध्वनी जाऊ शकतो. तेथे छिद्र न पाडता आतूनही ट्रान्सड्यूसर बसविता येतो. दोन थरांमध्ये फोम किंवा हलके लाकूड भरलेल्या तळातून किंवा लाकडी तळातून मात्र ध्वनी नीट जात नाही. लाकडी नौकेत तळाला छिद्र पाडून काशाच्या आवरणाचा ट्रान्सड्यूसर बसवितात. लाकूड पाण्याने फुगते आणि प्लॅस्टिकचे आवरण त्या दाबाने तडकण्याचा संभव असतो. विजेची जोडणी थेट बॅटरीपासून स्वतंत्र असावी. शेजारच्या नौकेवरील त्याच कंप्रतेचे यंत्र पडद्यावर तुटक तिरप्या रेघा उमटविते. बंदरातून अनेक नौका एकत्र निघतात तेथे कंप्रता थोडी बदलता येण्याची सोय उपयोगी पडते.

खरेदीपूर्वी ते यंत्र आपल्यासारख्याच बांधणीच्या आणि आपल्याच प्रकारचे जाळे वापरणाऱ्या दुसऱ्या नौकेवर चालू स्थितीत पाहणे ही सर्वांत उपयुक्त कसोटी होय. दुकानात दिसणारी चित्रे यंत्रात आधीच भरून ठेवलेली असतात. यंत्र बसविल्यानंतर ओळखीच्या दोनतीन जागी दोरी आणि शिशाने खोली मोजून आकडे ताडून पाहावेत. तसेच प्रत्येक ओढीनंतर जाळ्यात काय आले आणि पडद्यावर काय दिसले होते, याची नोंदवही ठेवावी. एका हंगामाची अशी नोंद कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक शिकविते.

१०. समारोप

यंत्राच्या निवडीचा प्रश्न अखेर केवळ नौकामालकाच्या हिशेबापुरता राहत नाही. पर्ससीन मासेमारीवर महाराष्ट्र शासनाने २०१६ साली निर्बंध घातले. प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली. अपरिपक्व मासळी पकडली जाऊ नये म्हणून किमान कायदेशीर आकारमानाचे बंधन महाराष्ट्रात २०२३ साली आले. या सर्वांमागील चिंता एकच आहे. शोधण्याची शक्ती वाढत गेली आणि समुद्रातील मासळी त्या प्रमाणात वाढली नाही. फिशफाइंडर मासळीचे अस्तित्व सुचवितो, पण तिची जात आणि वय निश्चितपणे सांगू शकत नाही. पडद्यावरील दाट खूण वाढीस लागलेल्या पिल्लांची असू शकते. ती ओळखून जाळे न टाकण्याचा निर्णय घेणे हे वाचनकौशल्य आहे, आणि ते यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

सारांश, प्रथम मासळी आणि जाळे निश्चित करावे. त्यावरून खोली, शंकू आणि कंप्रता ठरवावी. वॅटचा आकडा त्यानंतर पाहावा आणि पडद्याचा आकार सर्वांत शेवटी. हैदराबाद येथील 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्य यांची पाहणी करून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती प्रसृत करते. समुद्राच्या कोणत्या भागात जावे हे त्या माहितीवरून, तेथे तळ कसा आहे हे यंत्रावरून आणि पडद्यावर दिसलेली खूण कशाची हे तांडेलाच्या अनुभवावरून ठरावे, अशी ही कामाची वाटणी आहे. या तिहींपैकी कोणत्याही एकाकडून उरलेल्या दोघांच्या कामाची अपेक्षा केली, की खर्च वाढतो आणि जाळे रिकामे येते.